हजेरीपटावर नसलेले फूल



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. तीस वर्षे युनियनचे काम केलेला माणूस किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार तर मे दिनाचा इतिहास सांगेल. मी विषय कळवला, एक रानफूल. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला. पत्रिका छापखान्यात जायची आहे, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना, अशी त्यांनी अदबीने चौकशी केली. चूक झालेली नाही, असे मी त्यांना सांगितले. आज तेच आपणासही सांगून सुरुवात करतो.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. आई विड्या वळत असे, आणि वळलेल्या विड्यांतून कारखान्याचा माणूस ‘छाट’ काढून किती टाकून देतो, यावर त्या आठवड्याचे आमचे जेवण ठरत असे. पुढचे माझे शिक्षण नगरवाचनालयात, रात्रीच्या दोन तासांत, मांडीवर शब्दकोश ठेवून झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते जाणकाराचे निरूपण नव्हे. एका वाचकाने जमवलेला तो हिशेब आहे. आणि हेही आधीच कबूल करतो, की ज्या फुलाविषयी मी बोलणार आहे ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आपल्या हवेत ते उगवतही नाही.

या फुलाची माझी पहिली गाठ एका नाटकात पडली. सामुईल मार्शाक या रशियन लेखकाचे ‘बारा महिने’ हे मुलांसाठी लिहिलेले नाटक १९४३ सालचे आहे. त्यात एक लहानगी, लाडावलेली राणी आहे. भर हिवाळ्यात, वर्षाच्या अखेरीस, तिला वसंतातली फुले हवीशी वाटतात. ती फर्मान काढते, की जो कोणी या फुलांची परडी आणील, त्याला परडीभर सोने मिळेल. हे ऐकून एका सावत्र आईच्या तोंडाला पाणी सुटते. ती स्वतः काही जात नाही, आपल्या पोटच्या मुलीलाही धाडत नाही. सावत्र मुलीला बर्फाच्या वादळात रानात हाकलते. पुढे त्या मुलीला शेकोटीभोवती बसलेले बारा महिने भेटतात आणि एप्रिल महिना तिच्यासाठी तासाभरापुरता वसंत आणतो.

मुले या गोष्टीतला चमत्कार लक्षात ठेवतात. मला मात्र तिच्यात आमच्या धंद्याची सगळी उतरंड दिसली. वर एकीची लहर, मध्ये दुसरीचा लोभ, आणि तळाशी अनवाणी चालणारी तिसरी. सोने कुठून कुठे जायचे ते ठरलेले, आणि थंडी कोणी सोसायची तेही ठरलेले. ते फूल म्हणजे स्नोड्रॉप.

आता फुलाची ओळख करून देतो. स्नोड्रॉप म्हणजे हिमाचा थेंब. रशियन लोक त्याला ‘बर्फाखालचे’ या अर्थाचे नाव देतात. तुर्की लोक ‘कार्देलेन’ म्हणतात, म्हणजे बर्फ भेदणारे. मला तुर्की नाव अधिक खरे वाटते, कारण त्यात काम दिसते. जमिनीत कांद्यासारखा एक लहान कंद असतो. हिवाळा सरत आला, की त्यातून बहुधा दोन पाने आणि एक दांडी वर येते. पानांची टोके टणक असतात, म्हणून ती गोठलेली माती फोडू शकतात. दांडीवर एकच फूल, तेही खाली मान घातलेले. त्याला बाहेरच्या तीन मोठ्या शुभ्र पाकळ्या, आणि आत तीन आखूड, ज्यांवर हिरवा ठिपका किंवा पट्टा असतो. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याच्या कुळाला ‘गॅलॅन्थस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दुधी फूल. या कुळात वीसहून थोड्या अधिक जाती आहेत. युरोप, तुर्कस्तान, काकेशसचे डोंगर, आणि तेथून इराणपर्यंतचा काही भाग, हे त्यांचे मुख्य घर. सर्वांत जास्त जाती तुर्कस्तानात आहेत.

या फुलाच्या संसारातली एक गोष्ट आपणास सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचे बी पिकले, की दांडी जमिनीवर लवंडते. प्रत्येक बियाला तेलकट गराचे एक लहानसे शेपूट असते. मुंग्यांना ते फार आवडते. त्या बी उचलून वारुळाकडे नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. तेथे ते रुजते. म्हणजे झाडाने हमाल लावला आहे, आणि मजुरी मालालाच बांधून आगाऊ दिली आहे. तीस वर्षांत असा मालक माझ्या पाहण्यात आला नाही. मात्र हमालाची चाल मुंगीची, त्यामुळे झाडाचा पसारा फार दूर जात नाही. शिवाय बियापासून फुलापर्यंत तीन-चार वर्षे लागतात. एका दरीतून हे फूल गेले, तर शेजारच्या दरीतून ते आपण होऊन लवकर परत येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ तिच्यात आहे.

या कुळातल्या एका जातीपाशी आज मला थांबायचे आहे. तिचे शास्त्रीय नाव गॅलॅन्थस पान्यूतिनी. काळ्या समुद्राच्या पूर्वेला काकेशसचे डोंगर जेथे समुद्राकडे उतरतात, त्या प्रदेशाला प्राचीन काळापासून कोल्खिस म्हणतात. त्याच्या उत्तर भागात, रशिया आणि अबखाझियाच्या डोंगरांत, ही जात राहते. काकेशसच्या रानावनांतून भटकलेले प्लातोन पान्यूतिन नावाचे एक निसर्ग-अभ्यासक होते. त्यांना फार पूर्वीच वाटले होते, की हे फूल शेजारच्या जातींहून वेगळे आहे. त्यांनी त्याला एक नावही दिले. परंतु वनस्पतींना नाव देण्याचे नियम कडक असतात. ते ज्या रीतीने प्रसिद्ध व्हावे लागते त्या रीतीने झाले नाही. म्हणून नाव असूनही ते ग्राह्य धरले गेले नाही. पुढची अनेक वर्षे हे फूल रुंद पानांच्या दुसऱ्या एका जातीच्या खात्यावर मोडत राहिले. अखेर २०१२ साली युक्रेनचे दिमित्री झुबोव आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे आरन डेव्हिस यांनी रीतसर वर्णन छापून त्याला स्वतंत्र जातीचा मान दिला. जुने नाव चालणार नव्हते, म्हणून ज्याने ते आधी ओळखले त्या पान्यूतिनांचेच नाव त्यांनी त्या जातीला दिले.

मंडळी, हे वाचले तेव्हा मी वाचनालयात बाकावर सरळ बसलो. कारण ही गोष्ट मी चांगली ओळखतो. माणूस वर्षानुवर्षे कामावर येतो, सगळे त्याला पाहतात, मुकादम त्याला नावाने हाक मारतो, पण हजेरीपटावर त्याचे नाव नसते. मग अपघात झाला, की विचारतात, “हा कोण? हा तर आमच्याकडे नव्हताच.” हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला नुकसानभरपाई नसते. यादीत नाव नसलेल्या जातीला संरक्षण नसते. जी जात अस्तित्वातच नाही, ती नष्ट झाली अशी तक्रार कोण आणि कुठे करणार? शास्त्रज्ञ लोक पानांच्या रुंदीवर आणि पाकळ्यांच्या ठिपक्यांवर इतका काथ्याकूट का करतात, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ते हजेरीपट भरण्याचे काम करीत असतात.

आणि पान्यूतिनीच्या बाबतीत हा पट उशिरा भरला गेला. वर्णन छापले गेले तेव्हा ही जात अवघ्या पाच ठिकाणांहून ठाऊक होती. ती सारी जागा मिळून सुमारे २० चौरस किलोमीटर. आपले एखादे मध्यम तालुक्याचे गाव आणि त्याची शिवारे एवढ्याहून मोठी असतात. त्या पाचांपैकी निदान एक ठिकाण बांधकामाखाली गेल्याचे शास्त्रज्ञांना नोंदवावे लागले. ते बांधकाम होते सोची येथील हिवाळी ऑलिंपिकचे.

सोची हे काळ्या समुद्रावरचे शहर. २००७ साली त्याला २०१४ च्या हिवाळी खेळांचा मान मिळाला. समुद्रकिनारी स्टेडियम उठली, आणि मागच्या डोंगरांत क्रास्नाया पोल्याना येथे घसरगुंडीच्या शर्यतींची मैदाने, हॉटेले, वीजतारा. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत नदीच्या खोऱ्यातून रस्ता आणि रेल्वे मिळून ४८ किलोमीटरचा जोडमार्ग खोदला. एकंदर खर्च ५१ अब्ज डॉलर झाला असे त्या वेळी जगभर छापून आले. खेळ सतरा दिवसांचे, ७ फेब्रुवारी ते २३ फेब्रुवारी. हिमावरच्या खेळांसाठी हिमातून उगवणाऱ्या फुलाचे घर मोडले गेले.

पण मी येथे आलो तो केवळ फुलासाठी नव्हे. हे सारे बांधले कोणी? ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान, आर्मेनिया, सर्बिया, युक्रेन येथून आलेल्या हजारो मजुरांनी. २०१३ सालच्या फेब्रुवारीत ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने त्यांच्या जबान्या गोळा करून अहवाल प्रसिद्ध केला. मी तो शब्दकोश घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचला. बारा-बारा तासांच्या पाळ्या, महिन्याकाठी एखादी सुट्टी, तासाला दोन डॉलरांच्या आसपास मजुरी, आणि तीही महिनोन् महिने थकलेली. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात. लेखी करार नाही, किंवा असला तर त्याची प्रत मजुराजवळ नाही. मला त्यातले एकही वाक्य परदेशातले वाटले नाही. पुढे खूप ओरड झाली, तपासण्या झाल्या, आणि खेळ सुरू होण्याच्या सुमारास ८० लाख डॉलरांहून अधिक मजुरी थकली होती हे अधिकृतपणे मान्य करावे लागले.

आता पाहा. त्या खोऱ्यात एक फूल होते, ज्याचे नाव २०१२ पर्यंत यादीत नव्हते. त्याच खोऱ्यात माणसे होती, ज्यांच्या हाती कराराचा कागद नव्हता. दोघांवर एकच यंत्र चालले. फूल वाचवणारे एका सभागृहात भाषण करीत होते आणि मजूर वाचवणारे दुसऱ्या. या दोन सभागृहांमध्ये जी भिंत आहे, ती कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीत नाही.

ही झाली बांधकामाची गोष्ट. या कुळावरचे दुसरे संकट त्याहून जुने आहे, आणि ते म्हणजे प्रेम. इंग्लंडात या फुलाचे वेड फार. १८७४ साली हेन्री एल्वेस नावाच्या इंग्रज गृहस्थांना तुर्कस्तानात स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, या शहराजवळच्या डोंगरांत मोठ्या फुलाची एक जात मिळाली. तिला त्यांचेच नाव पडले, गॅलॅन्थस एल्वेसी. मग व्यापार सुरू झाला. तॉरस पर्वतातल्या गावकऱ्यांनी कुदळीने कंद खणावेत, गावच्या व्यापाऱ्याने वजनावर विकत घ्यावेत, निर्यातदाराने पोती भरावीत, आणि ती हॉलंडमध्ये जाऊन तेथून सुबक पुड्यांमधून युरोपभर विकली जावीत. १९८० नंतरच्या दशकात दर वर्षी कोट्यवधी कंद असे रानातून उपटले जात होते. ‘हॉलंडचे कंद’ म्हणून विकत घेणाऱ्या बाईला, ते तुर्कस्तानच्या डोंगरातून खणून आणले आहेत, हे पुडीवर कुठेही वाचावयास मिळत नसे.

आमच्याकडे तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या बायाही पुडक्यावर मजुरी घेतात. पण पान तोडले, तर पुढच्या वर्षी पान येते. कंद उपटला, की सगळे झाडच पोत्यात गेले. पुढच्या वर्षी तेवढीच मजुरी मिळवायची, तर आणखी वरच्या डोंगरावर जावे लागते, मग त्याहून वर. खणणारा आपल्याच भावी मजुरीचे मूळ खणत असतो. आणि त्याला ते कळत नाही असे नाही. पण आज घरी पीठ नसेल, तर उद्याचे कळून उपयोग काय?

या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला काय चालते तेही सांगतो. २०१२ साली इंग्लंडात इंटरनेटवरच्या लिलावात स्नोड्रॉपचा एक कंद ७२५ पौंडांना गेला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पन्नास हजार रुपयांच्या वर. २०१५ साली दुसऱ्या एका कंदाला १,३९० पौंड आले. हे कंद रानातून चोरलेले नव्हते, बागेत निपजलेल्या दुर्मिळ वाणांचे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ७२५ पौंडांचा कंद ज्या जातीचा होता ती गॅलॅन्थस वोरोनोवी, आणि त्याच जातीचे दीड कोटी कंद त्या सुमारास जॉर्जिया देशातून दर वर्षी परवान्याने बाहेर जात होते. एकाच जातीचा एक कंद पेटीत बसून गेला आणि दीड कोटी पोत्यांत.

आपण विचाराल, यावर इलाज काही झाला की नाही? झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. दुर्मिळ प्राणी आणि वनस्पती यांच्या व्यापारावर बंधन घालणारा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला. आपला देश १९७६ पासून त्यात आहे. १९९० साली स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या. म्हणजे व्यापार बंद नव्हे, पण परवान्याशिवाय नाही, आणि किती काढल्याने रानातली जात टिकेल हे पाहूनच परवाना. तुर्कस्तानही १९९६ साली या करारात आला.

कायद्याचा अनुभव मला आहे. बिडी कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, आणि छाटीचे माप त्यानंतरही कारखान्याच्या माणसाच्या बोटांतच राहिले. तेव्हा केवळ कायद्याने मी हुरळून जात नाही. मला खरी उमेद दिली ती दुसऱ्या एका कामाने. १९९० नंतरच्या वर्षांत तॉरसमधल्या काही गावांत तुर्की आणि इंग्रज निसर्गसंस्थांनी गावकऱ्यांपाशी जाऊन सांगितले, की कंद खणू नका असे आम्ही म्हणत नाही, कंद पिकवा. थोडे बेणे रानातून घेतले. ते गावकऱ्यांच्या लहान वावरांत लावले. दोन-तीन वर्षे कळ काढली, की कंद विक्रीला तयार होतात, आणि शेतात वाढवलेला माल म्हणून त्यांना भावही बरा मिळतो. जॉर्जियातही क्यूच्या आणि तेथल्या शास्त्रज्ञांनी डोंगर पायाखाली घालून पाहणी केली, तेव्हा बराच माल रानाइतकाच शेतातूनही येतो असे आढळले. मग रान आणि शेत यांची नोंद वेगवेगळी ठेवण्याची गरज सर्वांना पटली. पुन्हा तोच हजेरीपट.

या पद्धतीत मला जे मोलाचे वाटते ते हे, की खणणाऱ्याला चोर ठरवून सुरुवात केली नाही. आधी त्याच्या चुलीचा विचार केला. चुलीकडे पाठ करून रान वाचवायला निघालेले लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांचे भाषण चांगले असते, रान मात्र वाचत नाही.

याच फुलाने माणसाचे काय भले केले तेही थोडक्यात सांगतो. १९५२ साली सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ प्रोस्कुर्निना आणि याकोव्लेवा यांनी वोरोनोवी जातीच्या कंदातून गॅलॅन्टामीन नावाचे द्रव्य वेगळे केले. बल्गेरियात पास्कोव यांनी त्याचे औषध बनवले, ते मज्जातंतूंच्या विकारांवर वापरात आले. २००१ साली अमेरिकेत त्याला अल्झायमरच्या, म्हणजे स्मृती हरवण्याच्या, आजारावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. आज ते द्रव्य याच घराण्यातल्या दुसऱ्या झाडांपासून किंवा रसायनशाळेत तयार करतात. हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, फूल उपयोगाचे आहे, म्हणून ते वाचवावे. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. उपयोगाचा आहे म्हणून कामगाराला ठेवा, असे आम्ही म्हणू लागलो, तर म्हाताऱ्या आणि आजारी कामगाराचे काय करणार?

आणखी एक गोष्ट येथे जमलेल्या भगिनींसाठी. ८ मार्चचा महिला दिन आपण साजरा करतो. तो कामकरी स्त्रियांच्या चळवळीतून आला. १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी असा दिवस पाळण्याचा ठराव मांडला, आणि १९१७ साली पेत्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बाया ८ मार्चला भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. रशियात पुढे या दिवशी स्त्रियांना फुले देण्याची रीत पडली. त्या दिवसांत उमलणारे फूल हेच, म्हणून कायद्याने मनाई असतानाही रानातून तोडलेल्या जुड्या रस्त्याच्या कडेला विकल्या जातात. विकायला बसलेल्या बहुधा म्हाताऱ्या बायाच असतात. कामकरी बायांच्या दिवसासाठी एका गरीब बाईने रान तोडावे आणि शिपायाने तिलाच दंड करावा, यात दोष कोणाचा म्हणाल? मला चटकन उत्तर देता येत नाही. आपणही घाईने देऊ नये.

आता मी दुसऱ्याच्या डोंगरावरून माझ्या टेकडीवर येतो. इतके सगळे सांगितले ते ज्या कारणाने, ते सांगितल्याशिवाय खाली बसणे बरे नव्हे.

आमच्या गावाबाहेर एक टेकडी होती. होती, असे म्हणतो. पावसाळ्यात तिच्यावर खरचुडीचा वेल येई. आपणांपैकी काहींनी तो पाहिला असेल. भाद्रपदाच्या सुमारास त्याला कंदिलासारखे फूल येते. लहानशी माशी त्यात शिरली, की आतल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. फूल तिला काही काळ कोठडीत ठेवते आणि पराग चिकटवून सोडून देते. लहानपणी आम्हा पोरांना हे काही ठाऊक नव्हते. आम्हाला एवढेच ठाऊक होते, की या वेलाच्या मुळाशी एक कंद असतो आणि तो गोड लागतो. गुरे चारायला गेलेली आम्ही पोरे तो काठीने उकरून कच्चाच खात असू. भूक होती, त्याबद्दल मी माफी मागत नाही.

पुढे मी खाणकामगारांची युनियन बांधू लागलो. २००३ च्या सुमारास त्या टेकडीवर खडीची खाण सुरू होणार असे ठरले. गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. मी त्यांच्या हाताखाली शिकलेला. हातात वहीच्या कागदात जपून ठेवलेले खरचुडीचे फूल होते. म्हणाले, “अरे, ही जात आता फार थोड्या जागी उरली आहे. तुझी युनियन मोठी आहे. टेकडीचा वरचा तुकडा तेवढा सोडा, असे तुम्ही एक पत्र द्या. तुमचे ऐकतील.”

मी हसलो. म्हणालो, “गुरुजी, फुलाला पोट नसते. माझ्या माणसांना आहे.” ऑफिसात बसलेले कार्यकर्तेही हसले. मला ते वाक्य आवडले होते. नंतर दोन सभांत मी ते वापरले.

गुरुजींनी फूल पुन्हा कागदात गुंडाळले. दारातून मागे वळून म्हणाले, “टेकडी संपल्यावर पोट कुठे जाते, तेही पाहून ठेव.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात गणित चुकल्यावर सांगत, तसेच सांगितले.

खाण साडेतीन वर्षे चालली. बहात्तर माणसे कामावर होती. मग एका रात्री कंत्राटदाराने क्रशर उचलला आणि निघून गेला. अकरा आठवड्यांची मजुरी बुडाली. आम्ही दावा लावला. हजेरीपट मागवला तेव्हा त्यावर बहात्तरांपैकी एकोणीस नावे निघाली. बाकीचे त्रेपन्न कधी तेथे नव्हतेच. आणि टेकडीचा वरचा तुकडाही नव्हता. गुरुजी त्याआधीच्या उन्हाळ्यात वारले होते. त्यांना जे सांगायला हवे होते ते सांगायचे राहिले, म्हणून ते आज आपणापुढे सांगतो. ते पत्र मी द्यायला हवे होते. टेकडीचा वरचा तुकडा सोडला असता, तर कंत्राटदार पळाला नसता असे मी म्हणत नाही. पण जो माणूस टेकडीचा हिशेब देत नाही, तो मजुरीचाही देणार नाही, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. दोन्ही हिशेब एकाच वहीत असतात. मी तिचे एकच पान मागत राहिलो.

तेव्हापासून आमच्या युनियनच्या मागण्यांच्या निवेदनात एक कलम असते. खाण कुठून कुठवर जाणार, किती वर्षे चालणार, आणि कोणता भाग सोडला जाणार, याचा नकाशा काम सुरू होण्यापूर्वी कामगारांना दाखवावा. पहिल्या वर्षी मालकांच्या प्रतिनिधीने विचारले, हे तुमच्या कामाचे आहे काय? आमच्याच एका फोडणाऱ्या बाईने उत्तर दिले, “किती वर्षं पोट भरणार ते आम्हांला नको कळायला?” दोन ठिकाणी नकाशा मिळाला आहे. चार ठिकाणी अजून नाही.

सोचीचे खेळ संपून आता दशकाहून अधिक काळ लोटला. पान्यूतिनीच्या उरलेल्या जागा त्याच डोंगरांत आहेत. मी तेथे जाऊ शकत नाही. आपणही जाणार नाही. पण जे खाली मान घालून उगवते त्याचे नाव पटावर असावे, ही मागणी येथे बसूनही करता येते, आणि ती करण्यासारख्या जागा आपल्या तालुक्यातही आहेत.

गेल्या भाद्रपदात मी टेकडीच्या उरलेल्या कोपऱ्यावर गेलो होतो. बरोबर खाणकामगारांच्या वस्तीतली तीन मुले होती. झुडपात एक खरचुडीचा वेल सापडला. फूल पाहून झाल्यावर त्यांतल्या लहान मुलाने विचारले, “काका, ह्याचा कंद खातात का?” क्षणभर मला खोटे सांगावेसे वाटले. मग मी खरे तेच सांगितले. म्हणालो, “होय, खातात. गोड लागतो. पण आता शेंग धरू दे, ती फुटून बी वाऱ्यावर जाऊ दे, मग बघू.” त्याने विचारले, “किती दिवस?” मी दिवस मोजून सांगितले. त्याने हातातली काठी खाली ठेवली, आणि वेल कुठे आहे ते नीट लक्षात राहावे म्हणून बाजूला तीन दगड रचले.